आई पुण्याला यायला तयार नाही, सोलापुरात तिच्याकडं बघायचं कुणी?

"काकू, मी पुण्यात असते, नवरा आणि मी दोघंही नोकरीला. आई, आम्ही अम्मा म्हणतो, ७२ वर्षांची आहे, अशोक चौकाच्या मागं चाळीत वरच्या खोलीत एकटी राहते. जन्मभर विड्या वळल्या, आता गुडघे गेलेत, बीपी आहे शुगर आहे. दिवाळीच्या आधी मोरीत घसरून पडली, पाण्याचा दिवस होता, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं पण तेव्हापासून घाबरून असते. भाऊ सोलापुरातच जुळे सोलापूर भागात राहतो, तो म्हणतो वृद्धाश्रमात ठेवू, नाहीतर खोली माझ्या नावावर कर मग मी बघतो. घरी सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोत विचारलं तर चोवीस तासाच्या बाईचे जे पैसे सांगितले ते आम्हाला झेपणारे नाहीत. पुण्याला आणलं तर चार दिवसात परत जाते म्हणते. योजना लै आहेत असं सगळे सांगतात पण तिच्यापर्यंत एक पण पोचत नाही. काय करू?"

अगं, तू एक गोष्ट घाईघाईत लिहून पुढं गेलीस, की अम्मा पडली तो पाण्याचा दिवस होता. मला तर तिथंच अडकायला झालं. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही हे तुला काय सांगायचं, काही दिवसांआड येतं आणि आलं की सगळी चाळ धावते, आणि ७२ वर्षांची बाई पण धावते कारण आज भरलं नाही तर पुढचे दिवस काय करायचं. खालच्या नळावरनं घागर वर न्यायची, एका हातात बादली, दुसऱ्या हातानं साडी धरलेली, म्हणजे कठड्याला धरायला हातच नाही. वर मोरीत शहाबादी फरशी, तिच्यावर साबणाचं बुळबुळीत, आणि त्यात दोन-तीन पिंप ठेवल्यामुळं पाय ठेवायला तेवढी एकच जागा. पडणारच की गं माणूस. तिच्या जागी तू असतीस तर तू पण पडली असतीस.

म्हणून मी म्हणते, तुझ्या अम्माला चोवीस तासाची बाई आज तरी नको आहे. तिला पाण्याच्या दिवशी दोन तासाचा एक पोरगा पाहिजे. ब्युरोवाल्यांकडं दोन तासाचं माणूस मिळत नाही, ते बारा तास किंवा चोवीस तास असंच सांगतात, म्हणून आपल्याला वाटतं की एवढंच आहे, परवडत नाही म्हणजे काहीच करता येत नाही. पण चाळीतलाच कॉलेजला जाणारा एखादा पोरगा महिन्याचे पैसे ठरवून पाणी भरून देतो. पैसे तू त्याला फोनवरनं पाठवू नको, अम्माच्या हातातनं दे. जन्मभर स्वतःच्या कमाईवर जगलेली बाई आहे ती, फुकट काम करून घ्यायला तिला जड जाईल आणि मग ती त्याला नको म्हणून सांगेल आणि परत घागर उचलेल.

आता पुढच्या वेळी गेलीस की एक दिवस तिच्यासोबत नुसती राहा. "तुला कशाची मदत लागते" असं विचारू नको, उत्तर ठरलेलं आहे, काही नको, मी बरी आहे. त्यापेक्षा काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते विचार. दूध कुणी आणलं, गोळ्या कधी घेतल्या, संडासला खाली जायला लागतं का, रात्री किती वेळा उठते, जिना चढताना कुठं थांबते. चाळीत संडास खाली असतील तर रात्रीचा तो जिना हा पाण्याच्या दिवसाएवढाच धोक्याचा आहे, आणि बऱ्याच म्हाताऱ्या बाया रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, मग उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन, वर पत्रा असेल तर विचारूच नको, आणि सकाळी चक्कर येते. आपण म्हणतो वय झालं. वय झालं नाही, पाणी कमी पडलं.

कमोड खुर्ची घे एक, घडीची मिळते, रात्रीपुरती खोलीतच ठेवायची. तिला लाज वाटेल, भांडेल पण, तरी घे. इथं एक योजना खरोखर उपयोगाची आहे, मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ मधे सुरू झाली. वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखाच्या आत असेल तर एकदाच ३००० रुपये खात्यावर येतात, चष्मा, कानाचं मशीन, वॉकर, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा असल्या वस्तूंसाठी. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसला. खातं आधारशी जोडलेलं पाहिजे आणि वस्तू घेतल्यावर बिल जपून ठेवायचं. पैसे यायला वेळ लागू शकतो म्हणून खुर्ची मात्र त्याची वाट बघत थांबवू नको.

दवाखान्याचं सांगते. तुम्ही प्लास्टर निघालं आणि विषय संपला असं धरलंय ना, तो संपलेला नाही. उभ्या उभ्या घसरून पडल्यावर या वयात मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालीत का हे बघावं लागतं, कारण आज मनगट आहे, उद्या खुबा असू शकतो, आणि खुबा मोडला की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार, हाडांची तपासणी करायची का, कॅल्शियम आणि ड जीवनसत्वाचं काय. दुसरं, बीपी बसून आणि उभं राहून असं दोन्ही बघायला सांग, कारण बीपीच्या गोळीनं उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरू शकतं आणि भोवळ येते, आणि शुगरची गोळी घेऊन जेवण कमी झालं तरी शुगर उतरून भोवळ येऊ शकते. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरपुढं ठेवायची. मोतीबिंदू बघून घ्या. आणि फिजिओकडं दोन-चार वेळा जाऊन मनगटाचे आणि पायांचे व्यायाम शिकून घेतले तर ती जी घाबरून बसलीय ना ती भीती त्यानंच जाईल. घाबरून बसलं की पाय अजून अशक्त होतात आणि माणूस अजून पडतं.

यातलं बरंच सिव्हिलला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, होतं. पण सिव्हिलला दर महिन्याला बीपीच्या गोळीसाठी नेऊ नका, तिथली केसपेपरची लाईन, ओपीडीची लाईन, औषधाची लाईन यात म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो आणि मग ती जायचंच सोडते, गोळ्या पण सुटतात. महिन्याच्या गोळ्यांसाठी आणि बीपी-शुगर मोजायला आपल्या भागातलं महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र पुरतं. तिथं जाऊन आमच्या चाळीला आशाताई कोण आहेत ते विचारून घे, त्यांचा नंबर घे, अम्माची ओळख करून दे. लोकांना वाटतं आशाताई म्हणजे फक्त बाळंतिणीसाठी, तसं नाही, बीपी-शुगरची नोंद पण त्यांच्याकडं असते. सिव्हिलला फक्त मोठ्या कामासाठी जायचं आणि गेलं की लाईनीत गुपचूप उभं राहायचं नाही. ज्येष्ठांसाठी वेगळी लाईन असावी असं आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातच, २० व्या कलमात आहे. नम्रपणे पण मोठ्यानं विचारायचं, ज्येष्ठांची खिडकी कुठली.

आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? काढलं नसेल तर तू गेलीस की पहिल्या दिवशी ते कर. ७० च्या वरच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, वर्षाला ५ लाखापर्यंत ॲडमिट होऊन केलेले उपचार योजनेतल्या दवाखान्यात होतात. आता इथं विडी वळणाऱ्या बायांचं नेहमी होतं ते तुझ्या अम्माचं पण होईल बघ, मशीनवर अंगठा येत नाही. पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, सेंटरवाला दोन-तीनदा बोट पुसायला लावतो आणि मग "आजी नाही येत, नंतर या" म्हणून परत पाठवतो, आणि आजी परत कधी जात नाही. मला याचा फार राग येतो. जन्मभर ज्या हातानं काम केलं त्या हातामुळंच तिचा हक्क अडतो. तर अंगठा नाही आला तरी मार्ग आहेत, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, डोळ्याच्या मशीनवर होतं, आणि आयुष्मान ॲपवर चेहऱ्यावरनं पण होतं. फक्त आधारला कुठला नंबर जोडलाय ते आधी बघ, बऱ्याच घरात वारलेल्या नवऱ्याचा किंवा जुना बंद पडलेला नंबर असतो. आधार केंद्रात जाऊन तिचा चालू नंबर जोडून घे, बाकीची निम्मी कामं त्या एका नंबरामुळं अडलेली असतात.

पण हे पण समजून घे की त्या कार्डानं घरात कुणी येत नाही. ॲडमिट व्हायला लागलं तर मोठा आधार आहे, पण रोजच्या गोळ्या, बाहेरून दाखवून येणं, घरी येणारा फिजिओ, सांभाळणारी बाई, यातलं काही त्यात बसत नाही. कार्ड काढलं म्हणजे सोय झाली असं समजून पुष्कळ मुलं मोकळी होतात, म्हणून सांगितलं.

पेन्शन येते का तिला? विडी कारखान्यात पीएफ कापला असेल आणि पेन्शन चालू असेल तर ती कमीत कमी हजार रुपये महिना असते आणि त्यासाठी वर्षातनं एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या एका कागदासाठी म्हातारी माणसं रिक्षा करून जातात, लाईनीत उभी राहतात. तसं करायची गरज नाही, पोस्टमन घरी येऊन काढून देतो, पोस्टाच्या बँकेची सेवा आहे, आधी ७० रुपये घ्यायचे, पीएफच्या पेन्शनवाल्यांना २०२५ पासून फुकट आहे. इथं पण अंगठ्याऐवजी चेहरा चालतो, त्याचं ॲप आहे, तू तिच्याकडं गेलीस की तुझ्याच मोबाईलवर करून टाक. आणि बँकेनं पण ७० च्या वरच्या माणसाला घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मधेच सांगितलंय. मॅनेजरला विचार, आणि काही घरपोच सेवांना पैसे लागतात, ते आधी विचारून घे.

बघ, तू लिहिलंस की योजना आहेत पण पोचत नाहीत. अगदी खरं आहे. केंद्र आहे, कार्ड आहे, पोस्टमन आहे, पण अम्माच्या जिन्यापासून तिथंपर्यंत नेणारं माणूस नाही. आणि पुण्यातनं तू फोनवर कितीही धावपळ केलीस तरी ते माणूस तू होऊ शकत नाहीस, ते तिथलंच पाहिजे. पहिलं नाव शेजारणीचं. चाळीत अम्मासोबत वर्षानुवर्षं कारखान्यात जाणाऱ्या बाया असतील, त्यातली एखादी साठीच्या आतली, धडधाकट, आता काम कमी झालेली. तिला सरळ विचार, रोज सकाळ-संध्याकाळ एक तास येशील का, गोळ्या घेतल्या का बघायचं, भाजी चिरून द्यायची, आठवड्यातनं एकदा केंद्रावर न्यायचं, आणि त्याचे महिन्याचे नीट पैसे ठरव. शेजारीण आहे म्हणून फुकटात करून घ्यायचं आणि वर साडी दिली की झालं, असं करू नको. पैसे ठरले की तिला पण हक्कानं यायला येतं आणि तुला पण हक्कानं विचारता येतं. शिवाय ती अम्माशी तुमच्या तेलुगूत बोलेल. तू विचार केलास का, पुण्यात अम्मा चार दिवसात का कंटाळते? तुम्ही दोघं नोकरीवर, पोरं मराठी-इंग्रजीत, सोसायटीत कुणाला तिची भाषा येत नाही, आणि नारळी पौर्णिमेला तुमच्या समाजाचा मार्कंडेयाचा रथ इथं निघतो, तिथं नाही. ती हट्टी नाही गं, तिचं सगळं इथं आहे. माणसानं आपल्या जागी राहावं आणि मदत तिथं यावी, हे मागणं काही जास्तीचं नाही.

दुसरं, आपल्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ असतो, बागेत नाहीतर देवळाच्या हॉलमधे बसतात. त्यात पुरुष जास्त असतात, अम्मा पहिल्यांदा जाणार नाही, पण तू जाऊन भेट. कुठल्या केंद्रात डॉक्टर कधी बसतात, समाजकल्याणच्या ऑफिसात अर्ज कुठं अडतो हे त्यांना तोंडपाठ असतं. तिसरं, १४५६७ हा नंबर, एल्डरलाईन, सकाळी ८ ते रात्री ८, पैसे लागत नाहीत. ते बाई पाठवत नाहीत हे आधीच सांगते, नाहीतर फोन करून चिडशील. पण योजनेची माहिती, पेन्शन, कायदा, कुणी त्रास देत असेल तर मदत, यासाठी ते आहेत. फोन करताना "काही मदत आहे का" असं मोघम नको, "७२ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, सोलापूर शहर, अमुक पाहिजे" असं सांग.

भिंतीवर मोठ्या आकड्यात नंबर लिहून लाव, ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२, शेजारीण, भाऊ, तू. खोलीची एक किल्ली शेजारणीकडं. आणि पोलीस स्टेशनला एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत तिचं नाव लिहून ये, अशी यादी ठेवायची असते, ठेवली नसली तर तुझ्या अर्जामुळं तरी निघेल.

मला खरं तर या गावात एक गोष्ट मनापासून पाहिजे, वस्तीतच बालवाडीसारखं म्हाताऱ्या माणसांचं केंद्र, सकाळी न्यायचं, दुपारचं जेवण, बीपी मोजणं, चार माणसांत बसणं, संध्याकाळी घरी. विडी कामगारांच्या वस्तीत, यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत, जिथं मुलं पुण्याला गेलीत आणि आईबाप मागं राहिलेत. महापालिकेकडं रिकामे हॉल आहेत. तुमच्या नगरसेवकाला चाळीतल्या सगळ्या बायांच्या सह्या घेऊन हे लेखी द्या, सह्या जमल्या की ऐकून घेतात.

वृद्धाश्रमाबद्दल. मी त्याला पाप म्हणत नाही. ज्याला कुणीच नाही, किंवा ज्याला चोवीस तास माणूस लागतं आणि घरात शक्य नाही, त्याला चांगला आश्रम मिळाला तर तो आधारच आहे. पण तुझी अम्मा स्वतः चालते, स्वयंपाक करते, सगळं समजतं तिला. पाण्याच्या घागरीमुळं पडली म्हणून तिला घरातनं उठवायचं हे मला पटत नाही, आणि तिच्या मनाविरुद्ध तर अजिबातच नाही.

खोली नावावर करायचं मात्र आज करू नका. भाऊ वाईट आहे म्हणून नाही, जुळे सोलापूरला लहान घर, त्याचा संसार, तो पण घाबरलेला असेल. पण घाबरून केलेली सही नंतर त्रास देते. कधी करायचीच झाली तर बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यायचं की मुलानं आईचा सांभाळ करायचा आणि ती हयात असेपर्यंत त्या खोलीत राहणार. अशी अट असेल आणि त्यानं पाळली नाही तर २००७ च्याच कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, तिथं ज्येष्ठांसाठी न्यायाधिकरण असतं, महिन्याचा निर्वाह खर्च पण तिथंच मागता येतो. हे तुला माहिती असावं म्हणून सांगतेय, भावाला धमकी द्यायला नाही. कायद्याचं नाव काढलंस की तो येणंच बंद करेल, आणि तो गावातला एकमेव सख्खा माणूस आहे.

त्याच्याशी बोलताना "तू आईकडं बघत नाहीस" नको. "बघणं" म्हणजे काय हेच कुणाला माहीत नसतं, म्हणून ते डोंगराएवढं वाटतं आणि माणूस वृद्धाश्रम म्हणून मोकळा होतो. त्याला ठरलेलं काम दे. सांग, महिन्यातनं एकदा दवाखान्यात तू न्यायचं, पोराचे आणि शेजारणीचे पैसे मी पाठवणार, गोळ्या तू आणायच्या. आणि या रविवारी येऊन मोरीत आणि जिन्याला धरायला दांडे बसवून दे म्हणावं. चाळीची भिंत जुनी मातीची असेल तर नुसत्या स्क्रूनं दांडा धरणार नाही, अंगाचा भार टाकला की उपटून येईल, गवंड्याला बोलावून आरपार बोल्ट मारून घ्यायला सांग.